परक्या खुंटावरचें कलम

आमचें शेंदूरजनाघाट हें कलमांचें गांव आहे. सातपुड्याच्या पायथ्याशीं, वरूड तालुक्यांत वसलेल्या या गांवाभोंवतीं संत्र्यांच्या बागा आहेत, आणि संत्र्यांचीं कलमें तयार करणाऱ्या पन्हेऱ्याहि आहेत. येथें जंबेरीचें बीं रुजवितात. रोप पेन्सिलीएवढें जाड झालें कीं त्याच्या सालीला टी अक्षरासारखा छेद देतात, त्यांत नागपुरी संत्र्याचा एक डोळा बसवितात आणि वरून पट्टी गुंडाळतात. मुळें आंबटाचीं आणि फळ गोडाचें, असा हा संसार पुढें कित्येक वर्षें सुखानें चालतो. आम्हीं जन्मभर वकिली केली. त्यामुळें कलम या शब्दाचे आणखी दोन अर्थ आमच्या पोटापाण्याशीं निगडित होते: एक हातांत धरावयाची, दुसरें कायद्याच्या पुस्तकांत शोधावयाचें. हे तिन्ही अर्थ एकाच उन्हाळ्यांत आमच्या ओसरीवर एकत्र बसतील असें मात्र आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. तो योग आमच्या पुतण्यानें आणला.

पुतण्या तेव्हां अमरावतीस अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. पुण्याच्या एका कंपनीनें त्याला कळविलें कीं, आयफोनवर चालणारा एखादा प्रोग्राम स्वतः तयार करून दाखव, म्हणजे मुलाखतीचा विचार करूं. त्यानें विषय घरचाच निवडला. बागेंतील प्रत्येक झाडाची नोंदवही. पाणी केव्हां दिलें, फवारणी कोणती केली, फळगळ किती झाली. विषय सोपा होता, अडचण साधनाची होती. आयफोनचे प्रोग्राम ज्या एक्सकोडमध्यें तयार करतात, तें एक्सकोड केवळ मॅकओएस या प्रणालीवर चालतें, आणि ॲपल कंपनी मॅकओएस देते ती फक्त आपल्या स्वतःच्या संगणकांसाठीं. त्या वर्षीं आमच्या बंधूंच्या बागेंत आंबिया बहाराचीं फळें डोळ्यांदेखत गळून पडलीं होतीं. घरांत होता तो दुसऱ्याच एका कंपनीचा, कोणाकडून तरी जुना घेतलेला लॅपटॉप.

"काकाजी, नवा घ्याचं नाव बाबापाशी काढाचंच नाई," पुतण्या म्हणाला. "आहे त्याच्यावरच भागवून पाहू."

हें भागवणें म्हणजे काय, तें त्यानें आम्हांस समजावून सांगितलें, आणि आम्हीं तें आमच्या परीनें लग्नाच्या भाषेंत समजून घेतलें. संगणक सुरू झाला कीं प्रथम त्यांतील फर्मवेअरला जाग येते. मग बूटलोडर नांवाचा छोटासा प्रोग्राम प्रणालीचा गाभा शोधून काढतो, तो स्मृतींत आणून ठेवतो आणि सारा कारभार त्याच्या हवालीं करून आपण दूर होतो. गाभा मग ड्रायव्हरांना हांक मारतो: पडद्याचा कोण, आवाजाचा कोण, वायफायचा कोण? ॲपलच्या घरीं वधू आणि वर दोन्ही एकाच कुळांतले. विचारपूस करावीच लागत नाहीं. परक्या लॅपटॉपवर मात्र मध्यस्थ हवा. तें काम ओपनकोर नांवाचा बूटलोडर करतो. तो २०१९ मध्यें पुढें आला; त्यापूर्वीं कॅमेलियन आणि क्लोव्हर हे याच कामाचे जुने मध्यस्थ होते. प्रणालीनें 'स्थळ ॲपलचेंच ना?' असें विचारलें, कीं हा बेधडक 'होय' म्हणतो आणि खोट्या अनुक्रमांकासह मॅकची एक जन्मपत्रिका पुढें करतो. मध्यस्थानें थोडें खोटें बोलावें, ही रीत आमच्याकडे अगदींच अपरिचित नाहीं.

असा खटाटोप करणारा आमचा पुतण्या पहिला नव्हता. ॲपलनें जून २००५ मध्यें आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर घालण्याचा निर्णय जाहीर केला आणि जानेवारी २००६ मध्यें तसे संगणक बाजारांत आणले. तेव्हांपासून मॅक आणि इतर संगणक यांचा खुंट एकाच जातीचा झाला, आणि हौशी लोकांनीं हें कलम बांधावयास घेतलें. अशा संगणकाला जगभर हॅकिन्टॉश म्हणतात. गंमत अशी कीं, ही प्रणाली स्वतःच अनेकदां खुंट बदललेली आहे. तिचें मूळ नेक्स्टस्टेप नांवाच्या प्रणालींत. ती प्रथम मोटोरोलाच्या प्रोसेसरवर वाढली, १९९३ मध्यें इंटेलवर आली, पुढें ॲपलच्या घरीं आल्यावर पॉवरपीसीवर रुजली, मग २००६ मध्यें पुन्हां इंटेलवर, आणि २०२० पासून ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर. तेव्हां तिला दुसऱ्या मुळांचें वावडें नाहीं. मात्र प्रत्येक वेळीं कलम बांधणारा हात तिच्या धन्याचा होता, एवढा भेद ध्यानांत ठेवला पाहिजे.

पहिले आठ दिवस अपयशाचे गेले. पुतण्यानें आपल्यासारखाच लॅपटॉप असलेल्या कोणा दूरच्या गृहस्थाचें तयार बाड मिळविलें, म्हणजे बूटलोडर, ड्रायव्हर आणि सेटिंगांची यादी असलेलें फोल्डर, आणि तें जसेंच्या तसें पेनड्राइव्हवर उतरविलें. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत, आणि दर वेळीं एकाच ओळीशीं येऊन थांबत. तिच्यांत 'एक्झिटबीएस' असा शब्द होता. बूटलोडर कारभार गाभ्याच्या हवालीं करतो तोच हा क्षण. म्हणजे नवरदेव बोहल्यावर आला आणि अंतरपाट कांहीं दूर होईना. पुतण्यानें दुसऱ्याचें बाड आणलें, मग तिसऱ्याचें. तिसऱ्यानें तर ती ओळहि येऊं दिली नाहीं.

आमच्या बंधूंच्या पन्हेरींत डोळे भरणारे एक वृद्ध कारागीर आहेत. ते सायंकाळीं ओसरीवर टेकले असतां त्यांनीं पोराच्या उतरलेल्या तोंडाचें कारण विचारलें. आम्हीं जमेल तसें सांगितलें. ऐकून घेऊन ते इतकेंच म्हणाले, "बापू, लोकाईच्या खुंटाचं माप आपल्या खुंटाले कसं लागन? आधी आपला खुंट पाय ना."

त्यांना संगणकांतलें कांहीं कळत नव्हतें; पण ओपनकोर जाणणारे लोकहि हाच उपदेश करतात, हें पुतण्याला नंतर मान्य करावें लागलें. सारख्या दिसणाऱ्या दोन लॅपटॉपांचे फर्मवेअर सारखे नसतात, स्मृतीची मांडणी सारखी नसते, आवाजाची चिपहि निराळी असूं शकते. दुसऱ्या दिवशीं त्यानें विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि आमच्या जुन्या फुलस्केप कागदावर आपल्या लॅपटॉपची झडती लिहून काढली: प्रोसेसर कोणत्या पिढीचा, चित्रांचा भाग कोणता, आवाजाची चिप कोणत्या नांवाची, वायफायचें कार्ड कोणाचें, टचपॅड कोणत्या मार्गानें जोडलेलें. कागद दोन्ही बाजूंनीं भरला. तीन वर्षें ज्या यंत्रावर तो रात्रंदिवस बसला होता, त्याची अशी ओळख त्यानें कधींच करून घेतली नव्हती.

त्या कागदावरून त्यानें स्वतःचें बाड तयार केलें, आणि अडलेली ओळ सुटली. लगेच दुसरें विघ्न उभें राहिलें. ओळी संपून चित्र यावयाच्या वेळीं पडदा काळा पडे. इंटेलच्या चित्रविभागाला, तूं कोणत्या नमुन्याच्या मॅकमधला आहेस, हें एका अंकानें सांगावें लागतें. त्याच्या पिढीसाठीं तो अंक ३ई९बी०००० असा होता, आणि पुतण्यानें तो तसाच लिहिला होता. वस्तुतः यादींत असे अंक दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करून उलट क्रमानें लिहावे लागतात. म्हणजे तो ००००९बी३ई असा हवा होता. दोन रात्री त्यानें फर्मवेअरला दोष दिला, पेनड्राइव्ह बदलला, आमच्या घरच्या विजेलाहि नांवें ठेवलीं. चूक आठ अक्षरांच्या क्रमांत होती. ती सुधारली आणि पडदा उजळला. त्या रात्रीं एक वाजतां पोरानें मारलेली आरोळी ऐकून गोठ्यांतलीं जनावरें उठलीं.

तरी घर बसलें असें नव्हे. डिस्क दिसेना, फर्मवेअरमध्यें ती रेडच्या पद्धतीवर होती, ती एएचसीआयवर आणावी लागली. आवाजासाठीं ॲपलएएलसी नांवाचा सहाय्यक आहे. चिपच्या नांवापुढें अनेक मांडण्यांचे क्रमांक दिलेले असतात आणि एकेक लावून पाहावा लागतो. चौथ्या क्रमांकाला सनईचे सूर उमटले. बॅटरी किती उरली तें दिसेना. तेथें कारण मोठें मौजेचें निघालें: लॅपटॉपमधील एक लहान नियंत्रक बॅटरीचा हिशेब ठेवतो, पण मॅकओएसला त्या नियंत्रकाकडून एका घांसांत आठ बिटांहून अधिक घेतां येत नाहींत, आणि हा नियंत्रक सोळांचा घांस पुढें करीत होता. घांस लहान करून भरविणाऱ्या एका सहाय्यकानें तें काम साधलें. टचपॅड चालला, वायफाय चाललें. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत साधली नाहीं. लॅपटॉप झांकून निजविला कीं तो पुन्हां उठत नसे. पुतण्या म्हणाला, "मंग त्याले झोपवाचंच नाई." आणि खरोखर तीन महिने दोघांनाहि फारशी झोंप मिळाली नाहीं.

आतां तिसऱ्या कलमाकडे वळणें प्राप्त आहे. एके दुपारीं पुतण्या आम्हांस त्या प्रणालीचे ड्रायव्हर दाखवीत होता. त्यांत ॲपलनें स्वतः घातलेल्या एकाचें नांव वाचून आम्ही थबकलों. तें नांव 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' असें होतें. मॅकमधील एका चिपमध्यें खुणेची किल्ली ठेवलेली असते. ती पटल्यावांचून हा पहारेकरी कांहीं दारें उघडूं देत नाहीं. ओपनकोरच्या जोडीला व्हर्च्युअलएसएमसी नांवाचा जो सहाय्यक असतो, तो त्या चिपचें सोंग घेऊन किल्ली पुढें करतो. ज्या पोराला आम्हीं लहानपणीं दुसऱ्याच्या बागेंतलें पडलेलें संत्रेंहि उचलूं दिलें नव्हतें, त्याच्या मांडीवर ती पाटी होती.

आम्हीं परवान्याचा मजकूर मागवून वाचला. वाचणें हा आमचा धंदाच होता. भाषेंत संदिग्धता मुळींच नव्हती: ही प्रणाली ॲपलच्या नाममुद्रेच्या संगणकावरच बसवावी. लॅपटॉप पुतण्याच्या मालकीचा खरा. पण प्रणाली विकत मिळत नाहीं, अटींसह वापरावयास मिळते. अमेरिकेंत सायस्टार नांवाच्या कंपनीनें २००८ मध्यें मॅकओएस घातलेले स्वस्त संगणक विकावयास काढले होते. ॲपलनें दावा लावला, नोव्हेंबर २००९ मध्यें न्यायाधीश विल्यम अल्सप यांनीं सायस्टारविरुद्ध निर्णय दिला, आणि २०११ मध्यें वरच्या न्यायालयानें तो उचलून धरला.

आम्हीं हें सारें पुतण्याला ऐकविलें. तो कांहीं वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "काकाजी, मी का हे इकून खाऊन रायलो? शिकाचं हाय मले."

उत्तर आमच्यापाशीं होतें. हेतु चांगला असला तर दोष हलका होतो, नाहींसा होत नाहीं, हें वाक्य आम्हीं न्यायालयांत दोन्ही बाजूंनीं वापरलें आहे. परंतु आमच्या डोळ्यांपुढें आमच्या बंधूंची बाग होती, झाडांखालीं पडलेलीं हिरवीं फळें होतीं, आणि दोन्ही बाजूंनीं भरलेला तो कागद होता. आम्हीं कलम वाचलें आणि गप्प बसलों. तें योग्य केलें असें आम्ही म्हणत नाहीं. तसें केलें, इतकेंच येथें नमूद करतों.

प्रोग्राम पुरा झाला. त्यांत पहिलें झाड आमच्या बंधूंनीं स्वतः बोटानें नोंदविलें आणि त्या झाडाला आमच्या आजोबांचें नांव दिलें. पुतण्याला मुलाखतीचें बोलावणें आलें; मुलाखतींत प्रोग्रामापेक्षां अधिक वेळ, बंद पडलेलें यंत्र तूं कसें तपासतोस, या प्रश्नावर गेला. नोकरी लागली, आणि कामासाठीं कंपनीनें खरा मॅक दिला.

इकडे परक्या खुंटाचे दिवसहि भरत आले होते. असें कलम एकदां लागलें म्हणून कोणी निश्चिंत बसूं शकत नव्हता. जंबेरीच्या बुडाशीं येणारी फूट जशी वरचेवर खुडावी लागते, तशी येथें प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर डागडुजी करावी लागे. २०२३ मध्यें सोनोमा आली तेव्हां, ज्यांनीं मुद्दाम जुनीं ब्रॉडकॉमचीं वायफाय कार्डें बसवून घेतलीं होतीं, त्यांचें वायफाय बंद पडलें. पुढें जून २०२५ मध्यें ॲपलनें जाहीर केलें कीं, इंटेलच्या मॅकसाठीं टाहो हीच शेवटची आवृत्ति. धन्यानें खुंटच बदलला; तेव्हां जुन्या खुंटावर नवे डोळे कोठून मिळणार?

त्या वर्षीं दिवाळीला पुतण्या घरीं आला तेव्हां त्यानें आपण होऊन जुना लॅपटॉप पुढें ओढला आणि त्यावरील मॅकओएस पुसून टाकली. आम्हीं कांहीं विचारलें नव्हतें. "पन्हेरीतलं रोप कायम पन्हेरीतच ठेवत नसतेत, काकाजी," तो म्हणाला, आणि लॅपटॉप लिनक्स घालून आपल्या धाकट्या बहिणीला देऊन टाकला.

देतांना त्याच्याबरोबर त्यानें ती झडती लिहिलेला फुलस्केपहि दिला. चार ठिकाणीं घड्या पडून तो फाटला होता. आम्हीं पाठीमागून चिकटपट्टी लावून दिली. मुलीनें तो उलटसुलट पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, यातलं हे ००००९बी३ई काय आहे?" पुतण्या तिच्याजवळ सतरंजीवर बसला आणि सांगूं लागला.