टाकीवरचे नाव

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा मरहूम अब्बांची राजदूत सांगलीत मामूंच्या दारात बुडाली. आम्ही ती माधवनगरला आणली. टाकीचे पोपडे सुटलेले. वरूनच रंग फासला, महिन्यात फुगला.

पेंटर म्हणाला, "सर, गंज आत आहे. पेट्रोल काढा, पत्र्यापर्यंत घासा, थिनरने पुसा, प्रायमर द्या, मग रंगाचे पातळ हात." (बी.एड. झालेल्या आम्हांला हे सांगावे लागले!)

पॉलिश पेपर घेऊन बसलो. टाकीवर अब्बांनी ब्रशने उर्दूत लिहिलेले अम्मीचे नाव होते.

"घास बेटा," अम्मी म्हणाली, "नाहीतर टाकी जाईल."

आम्ही सगळे घासले, तेवढे सोडून. तिथेच आता पुन्हा फुगते आहे.