गाइडताई, ईयोबाच्या रानातून तुम्ही आम्हाला नेलंत

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरच्या गाइडताई,



पत्रात तुमचं नाव लिहीत नाही, कारण बफरमधल्या गावांतून येऊन पहाटे गेटवर उभ्या राहणाऱ्या तुमच्यासारख्या सगळ्यांनाच हे पत्र आहे. नागपूरच्या आमच्या चर्चमधल्या मंडळींना तुम्ही जिप्सीतून रान दाखवलंत. तुमच्यासाठी ती नेहमीची फेरी असेल. मला मात्र त्या फेरीत बायबलमधल्या एका अवघड पुस्तकाची उकल झाली, आणि जिच्यामुळे झाली तिला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या पुस्तकाचं नाव ईयोब. ईयोब हा सज्जन, देवाला भिऊन वागणारा माणूस. एकाच दिवसात त्याची गुरंढोरं जातात, दहाही मुलं जातात. पुढे अंगभर फोड येतात. मित्र येऊन समजावतात की तुझ्याच हातून काही पाप घडलं असणार. ईयोब ते मानत नाही. तो थेट देवालाच विचारतो, का? अडतिसाव्या अध्यायात देव बोलू लागतो, पण त्या ‘का’चं उत्तर देत नाही. तो ईयोबाला एकामागून एक प्राणी दाखवतो: भक्ष्यासाठी दबा धरलेली सिंहीण, भुकेली कावळ्याची पिल्लं, कड्यावर विणारी रानबकरी, कुणाच्या हाकेला न जुमानणारं रानगाढव, नांगराला कधीच न जुंपता येणारा रानबैल. माझा धाकटा भाऊ गेला त्या वर्षी हे अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचले. दुःखात बुडालेल्या माणसाला देव जनावरं का दाखवतो, हे मला कुणी सांगू शकलं नव्हतं.

गेटमधून आत शिरताच आमच्या मुलांनी विचारलं, वाघ दिसेल ना? तुम्ही म्हणालात, “वाघ त्याच्या कामात रायते जी. आपण त्याच्या घरी आलो.” आणि मग तुम्ही वाघाच्या मागे न धावता रान दाखवायला सुरुवात केलीत. अस्वलाने फोडलेलं वारूळ, मोहाच्या खोडावर त्याच्या नखांचे ओरखडे. नीलगायी रोज एकाच जागी येऊन टाकतात तो लेंड्यांचा ढीग. वानरं वर पानं खात होती, खाली पडलेला पाला चितळं खात होती. वरच्याची नजर लांबची, खालच्याचं नाक तिखट, म्हणून दोघांचं जमतं, हे तुम्ही सांगितलंत. बांबूच्या बेटांमधून, सागाच्या रांगांमधून, ऐन-धावड्याच्या सावलीतून तुम्ही आम्हाला नेत होतात आणि माझ्या मनात ईयोबाची यादी उलगडत होती. त्या यादीतला लढाईचा घोडा सोडला, तर एकही प्राणी माणसाच्या कामाचा नाही. माणूस जिथे राहतच नाही त्या भूमीवरही पाऊस कोण पाडतो, असं देव तिथे विचारतो. तुम्ही दाखवलेल्या रानातही आमच्यासाठी म्हणून केलेलं काही नव्हतं. तरी कुठलंही जनावर टाकलेलं, विसरलेलं दिसलं नाही.

मग पाणवठ्याकडून सांबराचा धोक्याचा कॉल आला. तुम्ही हात वर केलात, जिप्सी थांबली. चितळ कधीकधी उगाच घाबरतं, तुम्ही म्हणालात, पण झाडाच्या शेंड्यावरून पाहणारं वानर ओरडलं तर बहुधा खरं असतं, आणि सांबर पुन्हा पुन्हा ओरडलं तर वाघ आहेच. वाघ अजून कुणालाच दिसला नव्हता, तरी तुमच्या आवाजात शंका नव्हती. ख्रिस्ती विश्वासाबद्दल मला पुष्कळदा विचारलं जातं: जे पाहिलं नाही ते कशाच्या आधारावर मानता? आम्हीही साक्षीदारांच्या आधारावर मानतो. ज्यांनी उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलं त्यांची साक्ष पिढ्यान् पिढ्या पोचत आली. साक्षीदार कोण आहे, त्याला कुठून दिसतं, तो याआधी कितीदा खरा ठरला, हे पारखून विश्वास ठेवायचा असतो. आमच्या मुलांना हे मी रविवारच्या शाळेत बरेचदा सांगितलं आहे. त्यांना ते कळलं सांबराच्या त्या कॉलपाशी.

आणि वाघीण आली. बांबूतून निघून ती रस्त्यावर उतरली. तुम्ही ड्रायव्हरदादांना हळूच म्हणालात, “मागे घ्या, वाट द्या तिला.” ती आमच्याकडे न पाहता गेली. पर्यटकाला वाटतं, वाघाने आपल्याकडे पाहावं. तिच्या लेखी आम्ही नव्हतोच, आणि त्याच क्षणी माझ्या मनावरचं कसलंतरी ओझं हललं. भावाच्या मरणानंतर सगळं जग माझ्या दुःखाभोवती फिरत आहे असं मला वाटत होतं. ईयोबालाही तसंच वाटत असणार. देव त्याचं दुःख खोटं ठरवत नाही, त्या दुःखाचा दोषही त्याला देत नाही. तो त्याला बाहेर नेतो. तुझ्या दुःखाहून मोठं जग मी सांभाळतो, रात्री त्यात काय चाललंय तेही मला ठाऊक आहे, आणि तूही त्याच जगात आहेस, असं सांगत त्याच्यासोबत चालतो. उत्तर मिळालं नाही तरी सोबत मिळाली, म्हणून ईयोब शांत झाला. हे मला तुमच्या जिप्सीत कळलं.

वाट देणं ही साधी गोष्ट नाही, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. 2024 च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ताडोब्याला 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातलं ते पहिलं. 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला. आता गाभ्यात वेगावर मर्यादा आहे, मोबाइलला बंदी आहे, दर मंगळवारी रान बंद असतं आणि पावसाळ्यात गाभ्याचे दरवाजे मिटतात. मोशेच्या नियमशास्त्रातही विसाव्याचा दिवस माणसाइतकाच बैलाला आणि गाढवाला दिलेला आहे, आणि सातव्या वर्षी जमिनीला. आपला हात आवरता घेणं ही उपासनाच आहे, असं मी मनापासून मानते.

पण तुम्ही रान दाखवून थांबला नाहीत. तलावाकाठी तुम्ही तारूची गोष्ट सांगितलीत. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, म्हणून देव झाला, आणि त्याच्यावरून रानाला ताडोबा हे नाव मिळालं. माझा देव वेगळा आहे, दोन्हींची सरमिसळ मी करणार नाही. पण या रानाला मारणाऱ्याचं नाव मिळालं नाही, मेलेल्याचं मिळालं, हे ऐकून मी थबकले. माझ्या श्रद्धेच्या मध्यभागीही मारला गेलेला एक माणूस आहे, आणि त्याच्याच नावाने आम्ही ओळखले जातो.

मग तुम्ही गावाचं सांगितलंत. स्तोत्र 104 मध्ये दिवसाची सुंदर वाटणी आहे: रात्र वनपशूंची, उजाडलं की ते आपल्या गुहांत परततात आणि माणूस कामाला निघतो. तुमच्याकडे ही वाटणी मोडते, कारण मोहफूल रात्री गळतं आणि पहाटेच वेचावं लागतं. उशीर केला तर हरणं खातात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायलाही बाया भल्या पहाटे वाकून रानात शिरतात, आणि वाघाचीही वेळ तीच. त्यातल्या काही परत येत नाहीत. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये तर व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा जीव वाघिणीने घेतला. आम्ही नागपूरहून येऊन वाघावर प्रेम करतो, त्याला आम्हाला फक्त तिकीट पडतं. तुम्ही त्याच रानाच्या कडेला लेकरं वाढवता, आणि तरी वाघाचा द्वेष करत नाही. देवाची भीती आणि देवावरचं प्रेम एकाच काळजात कसं राहतं, हे मला आयुष्यभर प्रवचनांतून ऐकायला मिळालं. ते जगताना मी तुम्हाला पाहिलं.

म्हणून हे पत्र मी तुमच्याबरोबर आमच्या मंडळीलाही लिहीत आहे. विदर्भातल्या ख्रिस्ती लोकांना रानातल्या माणसांकडून शिकण्याची परंपरा आहे. नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी इथल्या खडकांतले जीवाश्म अभ्यासत होते आणि गोंडांची गीतं लिहून घेत होते. 1863 मध्ये ओढा ओलांडताना बुडून ते गेले, तोवर त्यांचं हे काम चालूच होतं. आमच्या तरुण संघाने पुढच्या शिबिरात ईयोबाचे ते चार अध्याय तुमच्यासारख्या गाइडच्या सोबतीने रानातच वाचावेत. मोह आणि तेंदूच्या हंगामात दर रविवारी बफरमधल्या गावांची नावं घेऊन प्रार्थना करावी. वाघाने ज्या घरातलं माणूस नेलं, त्या घरातल्या मुलांच्या शिक्षणासाठी आमच्या दानपेटीतला वाटा बाजूला काढावा.

ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी, सगळे प्राणी पाहून झाल्यावर, देव ईयोबाकडून एक काम करून घेतो. त्याला छळणाऱ्या मित्रांसाठी त्याने प्रार्थना करायची असते, आणि ती केल्यावर त्याचे दिवस पालटतात. रान पाहून आलेल्या माणसाचं पहिलं काम हे आहे: दुसऱ्यासाठी उभं राहणं. तुम्ही आम्हाला रान दाखवलंत, ताई. आता तुमच्या गावांसाठी उभं राहणं आमच्याकडे लागतं.

आपली बहीण,
नागपूरच्या चर्चमधली एक पर्यटक
जय ख्रिस्त