घरीच तर आहेस!

आमच्या वडगावात घरी बसून काम करणे ही काही नवलाई नव्हे. बाबांचा यंत्रमाग घरातच आहे. त्याची खडखड सुरू असली की बाबांना कोणी हाक मारीत नाही. काम चालले आहे हे चार घरांपलीकडेही कळते. माझे तसे नाही. चार दुकानदारांचे जमाखर्च मी घरीच संगणकावर लिहिते. जीएसटीचे एक विवरणपत्र ११ तारखेला, दुसरे २० ला. पण बोटांचा आवाज होत नाही, तेव्हा मी रिकामीच! "घरीच तर आहेस, कुकर लाव." "घरीच आहेस ना, सिलिंडर उतरवून घे."

लाभ नाहीत असे नाही. बसभाडे वाचते, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री जागून काम उरकता येते. पण नोकरदाराला १ तारीख असते, ती आम्हांला नाही. एका गिऱ्हाइकाने तीन महिन्यांचे अठराशे रुपये थकवले. मागायला गेले की म्हणायचे, "नाळे बा." उद्या ये! भुताला परतवायला लोक दारावर लिहीत, तेच हे शब्द.

बाबा म्हणाले, "साडी हातात असते तोवरच मजुरीचं बोलावं." माझ्या हातात काय असणार? विवरणपत्र उशिरा भरले तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क पडते, एवढेच. १९ तारखेला मीही निरोप धाडला, "तुमचं विवरणपत्र नाळे."

संध्याकाळी मुलाकरवी बाराशे आले. उरलेले सहाशे अजून नाळेच आहेत.