असंही एक जागरण

लग्न झालेल्या बाईला काय आवडतं, असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. विणकाम, वाचन, जुनी गाणी, फार तर बागकाम. मला ‘ब्लॅक सबाथ’ हा रॉक बँड आवडतो, असं मी जालन्यातल्या एखाद्या हळदीकुंकवात सांगितलं, तर बायका हातातलं वाण सावरत माझ्याकडे बघतच राहतील. नाव एका जुन्या भयपटावरून घेतलेलं, गाणारी माणसं इंग्लंडची, आणि संगीत असं की आमच्या सासूबाई म्हणतात, “हे गातायत की भांडतायत?”

ही आवड मला लागली ती तेव्हाच्या औरंगाबादला, बी. ए. करताना. वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे त्यांची सीडी होती. जाताना ती मला देऊन गेली. लग्न होऊन जालन्याला आले, तशी ती साड्यांच्या घडीखाली आली. संसार, दोन मुलं आणि तासिका तत्त्वावरची शाळा यांत ती वाजली कमी, पण मी टाकून दिली नाही.

खरं सांगायचं तर जालन्याच्या बाईला ही माणसं परकी वाटायचं कारण नाही. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथल्या अ‍ॅस्टन भागातली ही कामगारवस्तीतली मुलं. गाणारा ऑझी ऑस्बॉर्न काही काळ कत्तलखान्यात कामाला होता. १९६८ मध्ये चौघं एकत्र आले, १९७० मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. आमच्याकडे एमआयडीसीत भट्ट्यांमधून भंगार वितळतं, त्याच्या सळ्या होतात. यंत्रांची ती धडधड ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या संगीतातला ठोका ओळखीचा वाटेल.

त्यांच्यातला गिटार वाजवणारा टोनी आयोमी. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडायची ठरली होती, तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तर परत जायचा कंटाळा. आईनं, दिवसाचं काम पूर्ण करून ये म्हणून परत धाडलं. त्या दुपारी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. डॉक्टर म्हणाले, गिटार विसरा. त्यानं काय करावं? भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या दोन टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं आणि त्या बोटांना घातल्या. दाबायला सोप्या म्हणून हलक्या तारा बसवल्या, पुढे त्या सैलही केल्या. त्यातून तो जड, खोल आवाज आला. आज जगभर ‘हेवी मेटल’ म्हणून जे वाजतं, त्याचं मूळ बरंचसं तिथं आहे.

ही गोष्ट मला पंधरा-वीस वर्षं ठाऊक होती, पण आमच्या घरात मी ती कधी उच्चारली नाही. त्याला कारण होतं. माझे धाकटे दीर एका कारखान्यात सळ्या कापायच्या यंत्रावर होते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी पेटी स्वतःच माळ्यावर नेऊन ठेवली आणि मंडळात जाणं बंद केलं. येणारे-जाणारे “अमक्यानं बघा कसं केलं” अशा गोष्टी सांगायचे. भाऊजी मान हलवायचे आणि उठून जायचे. त्यात आणखी माझी एक गोष्ट नको, असं मी ठरवलं होतं.

२०२५ च्या ५ जुलैला ब्लॅक सबाथचा निरोपाचा कार्यक्रम बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर होता. मूळचे चौघंही वीस वर्षांनी एकत्र वाजवणार होते. तिथं जाणं आपल्या स्वप्नातही नाही. पण पैसे भरून घरी बघता येत होतं. ते मी माझ्या मानधनातून भरले. ह्यांनी टीव्ही जोडून दिला, “आवाज बेतानं ठेव” म्हणाले आणि झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. साबुदाणा भिजवला, भगर निवडून ठेवली, दाणे भाजून कूट केलं आणि बसले. आधी बरेच पाहुणे बँड वाजवून गेले. आपले चौघं शेवटी, म्हणजे आपल्याकडे पहाट होत आली तेव्हा.

भाऊजी पाणी प्यायला उठले होते. जाता जाता थांबले. कॅमेरा टोनीच्या हातावर होता.

“वहिनी, त्याच्या बोटांना काय लावलंय?”

माझ्या इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी थोडक्यात सांगितलं. भाऊजी काही बोलले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले.

ऑझीला पार्किन्सनचा आजार. त्याला उभं राहता येत नव्हतं, म्हणून सिंहासनासारख्या काळ्या खुर्चीत बसूनच तो गायला. सासूबाई एकादशीच्या अंघोळीला उठल्या होत्या. त्यांनी दारातून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

“उठवत नाही तरी आला?” त्या म्हणाल्या.

“हो. शेवटचं म्हणून.”

“मग बरोबर आहे,” म्हणाल्या आणि पंप सुरू करायला गेल्या.

शेवटच्या भागात चौघांनी मिळून चारच गाणी वाजवली. आवाज कुठं कुठं थरथरला, कुठं श्वास कमी पडला. कुणी ते लपवलं नाही. मैदानातली चाळीस हजारांवर माणसं त्यांच्याबरोबर गात होती. तेवढ्यात आमच्या गल्लीतून टाळ ऐकू आले. आनंदी स्वामींच्या पालखीच्या दिवशी जुना जालना लवकर जागा होतो.

सतराच दिवसांनी, २२ जुलैला ऑझी गेला. वयाच्या ७६ व्या वर्षी. भाऊजींनीच मोबाईलवर वाचून मला सांगितलं.

श्रावणात एका रविवारी त्यांनी पेटी खाली काढली. भाता फाटला होता, तो दुरुस्त करून आणला. पेपर मोजताना शाळेत आम्ही बोटात रबरी टोपी घालतो, तशा दोन मी त्यांना आणून दिल्या. त्या पट्ट्यांवरून घसरतात, म्हणून त्यांनी ठेवून दिल्या. आता अंगठा, अनामिका आणि करंगळी यांवरच वाजवतात. पहिले काही दिवस ऐकवत नव्हतं. एकदा वैतागून पेटी बंदही केली. सासूबाई शेजारी वाती वळत बसायच्या, चूक की बरोबर काही बोलायच्या नाहीत.

दिवाळीनंतर ते मंडळात जायला लागले. संथ चालीचे अभंग ते धरतात. चाल चढली की शेजारचा कॉलेजातला मुलगा पेटीवर बसतो आणि भाऊजी टाळ घेतात. पूर्वीसारखं होत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि ऐकणाऱ्यांनाही.

मैत्रिणींनो, साड्यांच्या घडीखाली तुमचंही काही ठेवलेलं असेल. घरात कुणाला आवडत नाही म्हणून ते टाकून देऊ नका. माझी ती सीडी आता घडीखाली नाही, टीव्हीशेजारी उघड्यावर आहे. परवा तिच्यावरची धूळ सासूबाईंनीच पुसली.