हिरवी तार

संपादकांनी हिवाळ्यातल्या विजेच्या उपकरणांवर लिहायला सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं, कारण गेल्या जानेवारीतलं एक घर अजून डोक्यातून जात नाही. नाशकात मी 31 वर्षं वायरिंगची कामं करतो. निफाडला पारा उतरल्याची बातमी आली की आमच्याकडे हीटरचे फोन सुरू होतात.

पहिली तक्रार ठरलेली: "तासभर लावला तरी खोली तापत नाही." इन्फ्रारेड हीटर खोलीसाठी नसतोच. त्याचे किरण हवेतून जवळपास तसेच पार होतात आणि समोरच्या अंगावर, गोधडीवर पडले की तिथे उष्णता होते. 1800 साली विल्यम हर्शल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे तापमापक ठेवला आणि पारा चढला. तेच हे किरण. म्हणून हीटरचं तोंड बसणाऱ्या माणसाकडे हवं आणि पडदे, अंथरुण निदान तीन फूट लांब. "तो ऑक्सिजन खातो" हेही नेहमी ऐकतो. विजेच्या रॉडमध्ये काही जळत नाही. बंद खोलीतली कोळशाची शेगडी मात्र खरंच जीव घेते आणि तिला कुणी घाबरत नाही.

1500 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर साडेसहा अँपियर ओढतो. मोबाईल चार्जरचा बोर्ड सहा अँपियरचा. तिथे हीटर लावला की आधी प्लग गरम होतो, मग पिना काळ्या पडतात. त्याला 16 अँपियरचा सॉकेट आणि मेन बोर्डापासून वेगळी अडीच एमएमची तांब्याची वायर लागते. एक्स्टेन्शन बोर्ड नाही म्हणजे नाही.

पंचवटीतल्या त्या घरात हे सगळं मीच केलं होतं. आरसीसीबीसुद्धा आग्रहानं बसवला होता. आरसीसीबीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मे लोक त्याला एमसीबी समजतात. 16 अँपियरचा एमसीबी वायर वाचवतो. माणूस मरायला लागणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सतत ताडून पाहतो. 30 मिलिअँपियरचा फरक पडला की तो पडतो. तो पडला म्हणजे करंट तिसऱ्याच वाटेनं चाललाय. एवढं सांगूनही लोक म्हणतात, "उगाच पडतो, काढून टाका."

जानेवारीतल्या एका रात्री नऊला त्या घरातून फोन आला: "हीटर लावला की मेन पडतो." मी म्हटलं, बंद ठेवा, सकाळी येतो. थंडी कडक होती, घरात ऐंशीच्या आजी. कुणीतरी ओळखीच्या माणसाला बोलावलं. त्यानं प्लग उघडून हिरवी तार, म्हणजे अर्थ, कापली. हीटर लागला, मेन पडला नाही. घरातल्यांना वाटलं, दुरुस्त झाला.

आदल्या हिवाळ्यात एका दुकानात त्या हीटरचा रॉड बदलला होता. आत जोडलेली वायर साधी पीव्हीसीची होती. ती 70 अंशांपुरती असते. रॉडच्या टोकाशी तिचं आवरण वितळून तांबं पत्र्याला लागलं होतं. करंट पत्र्यावरून हिरव्या तारेनं जमिनीत जात होता, म्हणून आरसीसीबी पडत होता. तार कापल्यावर ती वाट बंद झाली आणि पत्रा तसाच जिवंत राहिला. पहाटे आजी अनवाणी, शहाबादी फरशीवर उभ्या राहून हीटरचं तोंड खाली वळवायला गेल्या. आता करंटला त्यांच्या अंगातून वाट मिळाली. आरसीसीबी पडला, म्हणून आजी वाचल्या.

थ्री-पिन प्लगमधली वरची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे अर्थ सगळ्यात आधी जोडली जाते आणि सगळ्यात शेवटी सुटते. एवढा विचार करून केलेली व्यवस्था एका पकडीनं संपते, याचा मला अजून संताप येतो.

मी आतली वायर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या आवरणाची घातली, नवा प्लग लावला, इन्सुलेशन मोजणाऱ्या 500 व्होल्टच्या मेगरनं पत्रा तपासला. पैसे घेतले नाहीत. रात्री नऊला मी त्यांच्यापासून वीस मिनिटांवर होतो. निघालो असतो तर हिरवी तार कापायला कुणी आलंच नसतं.

हीटर आता नीट चालतो. आजी त्याच्यासमोर बसत नाहीत. उन्हं अंगणात उतरेपर्यंत त्या गोधडीतच असतात.