कार्बुरेटर उघडण्याआधी

आपल्या कोकणपट्टीत १ जून ते ३१ जुलै यंत्रावर चालणाऱ्या मासेमारी नौकांना बंदी. आषाढी त्यातच येते, म्हणून होडीवाला वारकरी निश्चिंत मनाने पंढरीची वाट धरतो. होडी माडाखाली पालथी, इंजिन पडवीत गोणपाटाखाली. पण कार्बुरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल काही वारीला येत नाही. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे राळेसारखा चिकट थर बसतो. जेट म्हणजे पितळेचा चिमुकला तुकडा, त्याला सुईच्या टोकाएवढे भोक. ते बुजायला कितीसा थर लागतो? शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, आणि जुन्या इंजिनांतली रबरे त्याला टिकतातच असे नाही.

गळा बसला म्हणून मी कीर्तन थांबवले. कान मात्र शाबूत आहेत. पखवाज उतरला की जसे कळते, तसे इंजिनाचेही कळते. चढ्या वेगात बरे चालते आणि सावकाश केले की मरते, तर मंद गतीची वाट बुजली आहे. सावकाश ठीक आणि वेग दिला की खोकते, तर मोठ्या जेटला पेट्रोल पुरत नाही. कार्बुरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकते, तर तरंगत्या फ्लोटची सुई नीट बसत नाही.

एवढे ऐकले म्हणून लगेच पाना हातात घेऊ नका. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर पुतण्याचे इंजिन खाडीच्या तोंडावर गप्प झाले. ओहोटी लागलेली, होडी लाटेला आडवी, आत चार माणसे. वल्ही होती म्हणून निभावले. मिस्त्रीने त्याआधी दोनदा कार्बुरेटर खोलला होता आणि आता नवाच घ्या म्हणत होता. दोष निघाला पेट्रोल पंपाच्या पातळ पडद्यात. त्याला बारीक चीर होती.

म्हणून बाहेरून आत जावे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद राहिला तर इंजिन थोडे चालून मरते, आणि बोल लागतो कार्बुरेटरला. मग नळीवरचा रबरी फुगा दाबा. तो कडक झाला पाहिजे. होत नसेल तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे. इंजिन मरू लागले की दुसऱ्याने फुगा दाबत राहावे. तेवढ्याने ते सावरले तर पंप नाही तर नळी तपासा, कार्बुरेटर निर्दोष आहे. फुग्याने काही होत नाही पण चोक किंचित ओढल्यावर सुधारते, तर जेटच बुजला आहे. तसेच दामटून समुद्रात जाऊ नका. या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलातूनच येते; पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होतो.

आता उघडा, पण थंड इंजिन, मोकळी हवा, आणि विडीवाल्याला लांब बसवून. वाटीतले पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसेल. मंद गतीचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजा आणि लिहून ठेवा. परत लावताना तेवढेच फेरे बाहेर. जेटमध्ये तार घालू नका; भोक मोठे झाले की ते पुन्हा लहान होत नाही. क्लिनर आणि हवेचा झोत पुरतो. गॅस्केट नवे घाला. चाचणी पाण्याच्या पिंपात घ्या, कोरडे चालवले तर थंड पाण्याच्या पंपाचे रबरी चाक जळते.

पुढच्या वर्षी वारीला निघण्याआधी मात्र एक कराच. पिंपातच इंजिन सुरू करून पेट्रोलची नळी काढा आणि ते आपोआप बंद पडू द्या. मग वाटीच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेले थेंब गाळा. टाकीही रिकामी करा. त्यात ऑइल मिसळलेले आहे, तेव्हा ते मुलाच्या मोटारसायकलला घालू नका.