सहा आठवडे

२९ मे २०२३, सोमवार. अलिबागहून परतताना आमची एस.टी. रेवदंड्याचा पूल ओलांडत होती. खाडीवरून येणारा वारा एरवी किती हवासा वाटतो! त्या दिवशी मात्र मी खिडकी लावून घेतली आणि पर्समधली गोळ्यांची पट्टी घट्ट धरून बसले. डॉक्टरांचे शब्द कानात घुमत होते : "बाई, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतील. पहिल्या आठवड्यात उलट अस्वस्थता थोडी वाढेल. घाबरून गोळी सोडू नका."

तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली मी. मुलांना धीर देणे हाच माझा व्यवसाय. पण ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि माझा स्वतःचाच धीर त्या वाऱ्याबरोबर गेला. भर दुपारी कोर्लईतल्या आमच्या घराची कौले पत्त्यांसारखी उडाली. सासूबाईंना घेऊन मी पलंगाखाली शिरले होते. वारा शमल्यावर बाहेर आले, तर वाडीतले नारळ आणि पोफळी आडव्या झालेल्या. कितीतरी दिवस वीज नव्हती. यथावकाश घर शाकारले, नवी रोपे लावली. सर्वांच्या लेखी वादळ संपले. माझ्या छातीत ते राहून गेले. रात्री झावळी सळसळली तरी काळीज धडधडू लागे, तळहातांना घाम फुटे, श्वास अपुरा पडे. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात 'तौक्ते' समुद्रातून वर सरकले, तेव्हा मी दोन रात्री बसून काढल्या. दोन वर्षे हे दुखणे मी 'ॲसिडिटी' या नावाखाली झाकून ठेवले.

झाकण्याचे कारण लाज हे होते. देवावर विश्वास ठेवणाऱ्या बाईला इतकी भीती का वाटावी? एकदा मिस्सानंतर एका परिचित बाईंनी प्रेमाने सांगितलेही, "तुमची प्रार्थना कुठेतरी कमी पडते आहे." ते वाक्य मी कित्येक महिने उराशी बाळगले. पुढे संत तेरेजाच्या वडिलांविषयी वाचले. लुई मार्टिन १८८९ ते १८९२ अशी तीन वर्षे काँ शहरातील मनोरुग्णालयात होते. मुली कॉन्व्हेंटमध्ये गेल्यामुळे बापाचे असे झाले, अशी कुजबुज त्या मुलींना सोसावी लागली. २०१५ मध्ये त्याच लुई मार्टिन यांना पत्नीसह संतपद मिळाले. त्यांची प्रार्थना कमी पडली होती, असे कोण म्हणेल? आपल्या बायबलमधील सिराखच्या अडतिसाव्या अध्यायात तर वैद्य आणि औषध ही देवाचीच देणगी असल्याचे सांगितले आहे. तो अध्याय मी पूर्वी वाचला होता, पण तो माझ्यासाठीही आहे हे ध्यानी आले नव्हते.

पहिला आठवडा कठीण गेला. मळमळ, कोरडे तोंड आणि पहाटे तीनला लख्ख जाग. एके सकाळी मी पट्टी केराच्या डब्यात टाकणार, तोच यजमान म्हणाले, "अगं, राब भाजले म्हणून लगेच भात उगवते का?" ते शेतकरी, त्यांच्यापाशी दृष्टांत शेतातलेच. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी समजावले, की मेंदूतील सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर ही गोळी काही तासांतच काम करू लागते. पण पेशींना त्या बदलाशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. गुण उशिरा येतो तो म्हणूनच. ही झोपेची गोळी नव्हे, तिची चटक लागत नाही. मात्र ती एकाएकी बंदही करायची नसते.

आणि नेमका दुसऱ्या आठवड्यात रेडिओवर शब्द आला : 'बिपरजॉय'. ६ जूनला अरबी समुद्रात जन्मलेले ते वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे निघाले. लाटा उसळू लागल्या. मासेमारीबंदीमुळे कोळी बांधवांच्या होड्या आधीच किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. त्या रात्री मी माळ हातात घेऊन बसले, पण एक गूढही धड पुरे होईना. गोळी काहीच करत नव्हती. १५ जूनला वादळ कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर गेले, तेव्हा कुठे मी झोपले.

त्या वर्षी पाऊसही रेंगाळला. ११ जूनला तो दक्षिण कोकणात पोहोचला आणि तिथेच थबकला. भाताचे बी घरात पडून. मी गोळीची वाट पाहत होते, यजमान ढगांची. आम्ही दोघे ओटीवर न बोलता बसत असू. २५ जूनला, रविवारी, मोसमी पाऊस मुंबईपर्यंत आला. मला त्या दिवशीही विशेष काही वाटले नाही. पण त्या आठवड्यात केव्हातरी सकाळी उठले आणि लक्षात आले, की रात्रभर वारा होता आणि मी झोपले होते. एवढेच. १६ जुलैला कार्मेल मातेच्या सणाला मी चर्चमध्ये दाराजवळची जागा न शोधता मध्यभागी बसले.

तीनच दिवसांनी, १९ जुलैच्या रात्री, आमच्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. बातमी ऐकून मी खूप रडले. गोळीने मन बधिर होईल, ही माझी जुनी भीती त्या दिवशी खोटी ठरली. दुःख पुरेपूर झाले; फक्त काळीज पिसाटासारखे धावले नाही. डोळे पुसून मी साड्या आणि चादरी काढून त्यांचे गाठोडे बांधायला बसले. पूर्वीची मी त्या वेळी अंथरुणात कुडकुडत असते.

वर्षभराहून अधिक काळ ती गोळी घेतली. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडीथोडी कमी केली. आजही वारा सुटला की मी एकदा कौलांकडे पाहते. वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या कपाटात साड्यांखाली अशी एखादी पट्टी दडवलेली असेल, तर ती जपमाळेशेजारी ठेवावी. आणि कोणाशी बोलावे हेच सुचत नसेल, तर २०२२ पासून १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मला त्या दोन वर्षांत हे कोणी सांगितले असते, तर ती दोन वर्षे वाचली असती.